कार्ड बंद केलं की सिबिल कोसळतो म्हणे!

फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज आलाय, की वापरत नसलेलं क्रेडिट कार्ड कधीच बंद करू नका, सिबिल (कर्ज-बिलं कशी फेडतो त्यावरून मिळणारा स्कोर) थेट १०० पॉइंटने पडतो, जुनी हिस्ट्री पुसली जाते, त्यापेक्षा कार्ड कात्रीने कापा, ते आपोआप बंद होतं.

आधी ते १०० पॉइंट. असा ठरलेला आकडा कुठेच नाहीये. फरक पडतो तो लिमिट कमी झाल्यामुळे. समजा एक कार्ड २ लाखांचं, दुसरं १ लाखाचं आणि बिल येतं ६० हजार, म्हणजे एकूण लिमिटचा वापर २० टक्के. २ लाखवालं बंद केलंत की तेच ६० हजार १ लाखावर मोजले जातात, झाले ६० टक्के, आणि ३० च्या आत असलेलं बरं असं मानतात. पण बंद करायचं कार्ड २५ हजार लिमिटचं असेल तर फारसं काही हलत नाही. मोठंच बंद करायचंय? मग आधी दुसऱ्याचं लिमिट वाढवून घ्या ना.

हिस्ट्री पुसली जाते हे तर साफ चूक, बंद झालेलं अकाउंट वेळेवर भरलेल्या बिलांसकट सिबिल रिपोर्टमध्ये बरीच वर्षं दिसतं. हां, सगळ्यात जुनं कार्ड असेल आणि फी शून्य असेल तर मी तरी ते ठेवेन.

आता कात्री, हा सल्ला खरंच महागात पडणारा आहे कारण तुकडे प्लास्टिकचे होतात, अकाउंट चालूच राहतं, वर्षाची फी लागते, वर १८ टक्के जीएसटी, मग लेट फी, व्याज, आणि त्या थकबाकीने स्कोर खरोखर पडतो. "आपोआप" हे अर्धंच खरं. रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासून नियम आहे की वर्षाहून जास्त काळ न वापरलेलं कार्ड बँक कळवून, ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर बंद करते, पण बाकी शून्य असेल तरच! फी थकली की बसा.

त्यापेक्षा रिवॉर्ड पॉइंट वापरून टाका, ऑटोपे दुसरीकडे हलवा, बाकी भरा आणि अ‍ॅपवरून नाहीतर मेलवर रिक्वेस्ट टाका, पोस्टानेच पत्र पाठवा असा हट्ट बँकेला धरता येत नाही. बाकी नसेल तर ७ कामाच्या दिवसांत बंद करायलाच लागतं, उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. महिन्या-दीड महिन्याने रिपोर्ट काढा (वर्षातून एकदा फुकट मिळतो) आणि तिथे "क्लोज्ड"च लिहिलंय ना ते बघा, "सेटल्ड" (म्हणजे पूर्ण बाकी न भरता तडजोड केली) दिसलं तर लगेच तक्रार टाका.