पहिली काठी फायबरग्लासचीच बरी
फिशिंग रॉडवरचा लेख आवडला, पण 'पहिलीच काठी कार्बनची घ्या' हा सल्ला अजिबात पटला नाही. कार्बन हलका असतो, माशाने आमिषाला नुसतं तोंड लावलं तरी हाताला कळतं, हे खरं. पण दगडावर आपटला की संपलं. पानशेतच्या काठावर माझ्या पहिल्या काठीचं टोक असंच गेलं, दुसऱ्याच दिवशी! फायबरग्लास जड असतो, पण मार सोसतो. शिवाय कार्बनमधून वीज वाहते. विजेच्या तारांखाली किंवा वळवाच्या पावसात अशी काठी उभी धरणं जिवावर बेतू शकतं. हे लेखात यायलाच हवं होतं.

लांबीच्या आधी मुठीच्या वर छापलेले आकडे वाचा. दोरीची ताकद पौंडांत आणि आमिषाचं वजन ग्रॅममध्ये तिथे दिलेलं असतं. चिलापीसाठी ६ फुटी हलकी काठी पुरते. रोहू-कटल्यासाठी मात्र ८-९ फुटी, मधल्या ताकदीची आणि टोकालाच नव्हे तर मध्यापर्यंत वाकणारी घ्या. मोठा कटला पळायला लागला की ती झटका पोटात घेते, दोरी तुटत नाही.

आणि दुकानात जाताना खिशात कापसाचा बोळा ठेवा. काठीवरच्या ज्या कड्यांतून दोरी जाते, त्यातल्या प्रत्येक कडीतून तो आतल्या बाजूने फिरवा. तंतू अडकला तर कडीला बारीक चीर आहे, डोळ्यांना दिसत नसली तरी ती दोरी कापत राहणार. दुकानदार वैतागला तरी चालेल, सगळ्या कड्या तपासा, टोकाची तर सर्वांत आधी.