भिंतीला चिकटलेलं भोक

एक पट्टी आणि तिला दोन भोकं. काम म्हणाल तर एवढंच. कपाटातल्या फळीचा आधार तुटला होता, त्याच्या जागी बसवायला ८० मिलिमीटर लांब, ४० रुंद पट्टी आणि दोन्हीकडे कडेपासून १५ वर ६ व्यासाचं एकेक भोक. ड्रॉइंग बोर्डवर मी ही पट्टी पेन्सिलीचं टोक झिजायच्या आत काढली असती. पण आता घरात लॅपटॉप आहे, लॅपटॉपमध्ये कॅड, म्हणजे ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर आहे आणि थ्रीडी प्रिंटरला मापं कॅडमधूनच लागतात. बसलो.

बोर्डाचं एक बरं होतं. रेघ ओढली की ती मुकाट्याने ओढल्या जागी राहायची. कॅडच्या स्केचमधली रेघ तशी नाही. ती आधी निळी असते. निळी म्हणजे मोकाट. धक्का लागला की सरकणार. मग तिला कन्स्ट्रेंट, म्हणजे बंधनं लावायची: तू आडवी राहा, तू हिला समांतर, तुझं टोक हिच्या टोकाला. वर मापं द्यायची. हलायच्या सगळ्या वाटा बंद झाल्या की ती काळी होते आणि आपण खूश होतो. बंधनं जास्त झाली की लाल. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. माझ्या स्केचचा तीन सेकंदसुद्धा टिकत नाही.

याचा हिशेब मात्र मला मनापासून आवडतो. एका रेघेला दोन टोकं, प्रत्येक टोक आडवं आणि उभं सरकणार, म्हणजे रेघेला हलायच्या चार वाटा. चार रेघांच्या सोळा. चारही कोपरे जोडले, आठ गेल्या. दोन रेघा आडव्या, दोन उभ्या केल्या, आणखी चार गेल्या. उरल्या चार: लांबी, रुंदी आणि चौकोन नेमका कुठे बसणार याच्या दोन. एक कोपरा ओरिजिनला, म्हणजे पडद्यावरच्या शून्य बिंदूला खिळला, ८० आणि ४० लिहिलं, हिशेब शून्य. आयव्हन सदरलँडने १९६३ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात ‘स्केचपॅड’ हा चित्र काढायचा प्रोग्राम केला, त्यातही हे होतं. लाइट पेनने पडद्यावर वेड्यावाकड्या रेघा ओढायच्या आणि यंत्राला सांगायचं, या समांतर कर. म्हणजे या दुखण्याला साठ वर्षं होऊन गेली. तेवढाच दिलासा.

चौकोन काळा झाला. डावं भोक काढलं: व्यास ६, कडेपासून १५, खालून २०. तेही काळं. इथवर मी शिट्टी वाजवत होतो. मग पट्टीच्या मधोमध एक कन्स्ट्रक्शन लाइन, म्हणजे नुसती मदतीची उभी रेघ घेतली, उजवीकडे अंदाजाने एक वर्तुळ ओढलं आणि दोन्ही केंद्रांना ‘सिमेट्रिक’ लावलं, म्हणजे त्या रेघेच्या दोन बाजूंना आरशातल्यासारखी राहा. उजवं वर्तुळ टम्म फुगून ३० व्यासाचं झालं आणि चक्क काळं झालं. व्यास न देताच! इथे माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. मी म्हटलं, वा, हुशार आहे. आणि दोन्ही भोकं सारखी असावीत म्हणून ‘इक्वल’ दाबलं.

अख्खं स्केच लालबुंद.

खाली पाटी आली की कन्स्ट्रेंट परस्परविरोधी आहेत, आणि शेजारी संशयितांची यादी. सिमेट्रिक, इक्वल, १५, ६ आणि आणखी बरंच काही. कोण गुन्हेगार? ते सॉफ्टवेअर सांगत नाही. खरं तर सांगूच शकत नाही. त्याच्या लेखी ही नुसती समीकरणं; सगळी एकदम खरी होऊ शकत नाहीत, एवढं त्याला कळतं. गटातलं कुठलंही एक काढलं तरी भांडण मिटतं. नको असलेलं कुठलं, हे फक्त मला माहीत असणार, असा त्याचा भाबडा समज.

मी चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला सुरुवात केली. इक्वल उडवलं. लाली गेली, पण वर्तुळ ३० चं ते ३० चंच. मग त्याला सरळ ६ व्यास दिला. लाल. म्हणून सिमेट्रिक उडवलं आणि पुन्हा ६ दिला. या वेळी घेतला, पण भोक टुणकन उडी मारून उजव्या कडेला जाऊन चिकटलं. त्याला कडेपासून १५ दिलं, पुन्हा लाल. ६ काढलं, तर भोक पुन्हा ३० चं. १५ ठेवावं तर भोक फुगतं, ६ ठेवावं तर भिंतीला बिलगतं. तासभर आमचं हेच. अन्डूचं बटण इतक्यांदा दाबलं की मी पट्टी काढतोय की पुसतोय, मलाच कळेना.

एवढ्यात भाची आली. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. खांद्यावरून बघत म्हणाली, “मामा, ते ओढून बघितलंस का?”

“काय ओढून?”

“भोक रे. हलतंय कसं ते बघ ना.”

१५ काढून तिने ६ चं भोक माउसने धरलं आणि आत खेचलं. येईना. वर नेलं, गेलं. खाली नेलं, गेलं. नुकतं चालायला लागलेलं मूल भिंतीला धरून फिरतं ना, तसं ते कडेला घासत वरखाली करत होतं, पण कड सोडायला तयार नाही.

“टँजंट आहे,” ती म्हणाली. म्हणजे वर्तुळाने कडेला टेकूनच राहायचं, असा कन्स्ट्रेंट.

“मी लावलेलाच नाही!”

“तू नाही, त्यानेच लावलाय. वर्तुळ ओढताना दुसरा क्लिक कडेजवळ पडला असेल तुझा.”

तिने झूम केलं. कन्स्ट्रेंटच्या चिन्हांच्या गर्दीत, दुसऱ्या दोन चिन्हांच्या खाली दबलेलं टँजंटचं चिन्ह: रेघेला टेकलेलं एक इवलंसं वर्तुळ. म्हणजे मी काढताना यानेच परस्पर सोयरीक जुळवली होती, आणि मी तासभर घरच्यांनाच दोष देत बसलो होतो. केंद्र कडेपासून १५ वर आणि वर्तुळ कडेला टेकलेलं, मग व्यास ३० च येणार. घंटा आता वाजली. टँजंट उडवला, उजव्या भोकाचा वेगळा ६ काढून टाकला, सिमेट्रिक लावलं, इक्वल लावलं. काळं.

“ऑटो कन्स्ट्रेंट नको असेल तर ओढताना कंट्रोल दाबून धरायचं,” असं सांगून ती झोपायला गेली.

रात्री अकराला पट्टी प्रिंट होऊन हातात आली. झकास. खिशातून ६ चा स्क्रू काढला, भोकात घातला. जाईना. ६ च्या स्क्रूला भोक ६.६ चं लागतं, हे मी बोर्डावर वाकून शेकडो वेळा लिहिलंय.

पुन्हा लॅपटॉप उघडला. श्वास रोखून ६ खोडलं आणि ६.६ लिहिलं. दोन्ही भोकं एकदम, सारखीच, जराशी फुगली. रंग काळाचा काळा. चार सेकंद लागले असतील. कौतुकाने भाचीला हाक मारली, पण ती घोरत होती.