वारशाचे खाते आणि सोनेवाल्यांचे फोन
न्यू जर्सीतल्या वडिलांचे आयआरए, म्हणजे निवृत्ती खाते, वारसाने माझ्याकडे आल्यापासून दर आठवड्याला कोणीतरी सोनेविक्रेता फोन करून ‘चेक घ्या, साठ दिवसांत नाणी घ्या, घरीच ठेवा’ असे गोड आवाजात सांगतो. अहो, मृताचा जोडीदार नसलेल्या वारसाला ती साठ दिवसांची सवलत, म्हणजे काढलेले पैसे तेवढ्या मुदतीत अशाच खात्यात परत घालून कर टाळायची सोय, मुळी नसतेच. चेक हाती पडला की सगळी रक्कम करपात्र ठरते! पैसे खाते सांभाळणाऱ्या एका संस्थेकडून थेट दुसऱ्या संस्थेकडेच जावे लागतात आणि सोने त्या संस्थेच्या ताब्यातल्या कोठारातच राहते, आईच्या पाटल्यांशेजारी नव्हे. शिवाय 2020 पासूनच्या वारशांत बहुतेकांना दहा वर्षांत खाते रिकामे करावे लागते, तेव्हा खरेदी-विक्रीच्या भावांतली तफावत कोण सोसणार, असे विचारले की फोन कट.