घाटात दम सोडणाऱ्या हायब्रिड गाडीविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार साहेब,

आपला अभिप्राय मी काळजीपूर्वक वाचला. आपली २०१३ सालची हायब्रिड सेडान अकरा दिवस आमच्या अंबडच्या गॅरेजमध्ये राहिली, बारा व्होल्टची बॅटरी बदलूनही कसारा घाटात तिने पुन्हा दम सोडला, आणि ट्रायलचे पेट्रोल व टोल बिलात लावले गेले, अशा आपल्या तक्रारी आहेत. ‘मोठी बॅटरी गेली आहे हे बाहेरच्या मेकॅनिकला पाच मिनिटांत कळले, यांना कळलेच नाही,’ असेही आपण लिहिले आहे.

लहान बॅटरीबाबत चूक आमची आहे. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत ती सकाळी ११.६ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे जवळजवळ रिकामी होती. हायब्रिडमध्ये ही बॅटरी इंजिन फिरवत नाही, पण सगळे कंप्युटर आणि रिले तिच्यावरच जागे होतात, आणि ती कमजोर असली की भलतेसलते दोष दिसू लागतात. त्यामुळे ती बदलणे गरजेचेच होते. मात्र ‘आता गाडी ठीक झाली’ असे आपल्याला सांगण्यापूर्वी आम्ही गाडी घाट चढवून पाहायला हवी होती. नाशिकच्या सपाट रस्त्यांवर ती उत्तम चालली आणि आम्ही तेवढ्यावर विसंबलो. सहकुटुंब प्रवासात घाटाच्या मध्यावर आपल्याला थांबावे लागले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

गाडीची विजेची मोटर चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीबाबत मात्र मी आमच्या निदानावर ठाम आहे: ती चांगली आहे. आपल्या गाडीच्या या २४४.८ व्होल्टच्या बॅटरी-पॅकमध्ये ३४ मॉड्यूल, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या लहान बॅटऱ्या, आहेत. त्यांच्या १७ जोड्यांचे व्होल्टेज आम्ही चढावर, पूर्ण लोडखाली पाहिले आणि कोणत्याही दोन जोड्यांतला फरक ०.३ व्होल्टच्या वर गेला नाही. पॅक खराब होत असता तर नेमक्या अशाच वेळी एखादी जोडी बाकीच्यांपेक्षा झपकन खाली आली असती. ज्या बॅटरीत दोष नाही ती बदलायला लावून आपल्याला मोठ्या खर्चात टाकणे मला पटणारे नव्हते.

दिवस का लागले, हेही सांगतो. गाडीत दोष आला की तिचा कंप्युटर त्याचा कोड नोंदवून ठेवतो. गाडी आमच्याकडे येण्यापूर्वी दुसरीकडे हे कोड पुसले गेले होते. कोडसोबत त्या क्षणाचा वेग, तापमान आणि लोड यांची नोंद असते. कोड पुसला की तीही जाते. मग दोष पुन्हा उद्भवेपर्यंत वाट पाहण्याखेरीज मार्ग उरत नाही, आणि आपला दोष तर घाटात येऊन वीस मिनिटांच्या विश्रांतीनंतर नाहीसा होणारा होता. स्कॅनर जोडून आम्ही कसारा घाट तीनदा उतरलो-चढलो. तिसऱ्या खेपेला इन्व्हर्टरचे, म्हणजे मोठ्या बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणाऱ्या भागाचे, तापमान चढत गेले, गाडीने मोटरची ताकद कमी केली आणि पी०ए९३ हा कोड आला. तो इन्व्हर्टर थंड ठेवणाऱ्या यंत्रणेकडे बोट दाखवतो.

इन्व्हर्टर थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, म्हणजे कूलंटचा, मार्ग इंजिनपेक्षा वेगळा असतो आणि तो खेळता ठेवायला एक छोटा विजेचा पंप असतो. इगतपुरीला गाडी बाजूला घेऊन, ती ‘रेडी’ म्हणजे चालू स्थितीत ठेवून आम्ही या कूलंटच्या टाकीचे झाकण उघडले. कूलंट डबक्यासारखे निश्चल होते. आमच्या गॅरेजमधल्या मुलाने पंपाच्या वायरिंगला हात लावताच पाण्यावर भोवरा उठला, आणि वायर सोडताच तो विरला. पंप चांगला होता. त्याच्या कनेक्टरमधल्या एका पिनेवर हिरवा थर चढला होता आणि ती सैल झाली होती. घाटात हादरे बसले की तिचा संपर्क तुटायचा. शहरात इन्व्हर्टर एवढा तापतच नाही, म्हणून तिथे काही जाणवत नसे.

कनेक्टर बदलल्यावर आम्ही पुन्हा दोनदा घाट चढलो. तापमान स्थिर राहिले आणि मगच गाडी आपल्या ताब्यात दिली.

पेट्रोल आणि टोलचा खर्च आपल्याला आधी विचारायला हवा होता. तो न विचारता बिलात लावला गेला, म्हणून ती रक्कम आजच परत पाठवत आहे. यापुढे अशा ट्रायलपूर्वी ग्राहकाला फोन करून खर्चाचा अंदाज सांगितला जाईल, आणि गाडी ठेवून घ्यावी लागली तर रोज संध्याकाळी काय तपासले तेही कळवले जाईल. त्या अकरा दिवसांत आम्ही आपल्याला केवळ दोनदा फोन केला, हे बरोबर नव्हते.

काढलेला कनेक्टर आणि तिन्ही खेपांच्या स्कॅनरच्या नोंदी आपल्या नावाने जपून ठेवल्या आहेत. आपण केव्हाही या. मी स्वतः समोर बसून दाखवीन.