आधी बॅनर, मग बी

पंचांगात वसंत ऋतू चैत्र-वैशाखात येतो. झाडांना त्याची चाहूल माघातच लागते. बागप्रेमी मंडळाला मात्र तो कार्यकारिणीची बैठक होऊन इतिवृत्त मंजूर झाल्याशिवाय लागत नाही, आणि पुण्यातल्या आपल्या मंडळाची ही बैठक मार्चच्या मध्यावर भरते. तोवर पळस फुलून गळायला लागलेला असतो, जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातून हौसेने आणलेल्या पिटुनिया आणि पॅन्सी माना टाकून बसलेल्या असतात, आणि पारा पस्तिशीच्या पुढे सरकलेला असतो. तुम्ही यंदा नव्याने सभासद झाला असाल तर हे पाहून घाबराल. घाबरू नका. झाडांचं वेळापत्रक झाडांपाशी, मंडळाचं मंडळापाशी. दोघांची गाठ पडलीच पाहिजे असं घटनेत कुठेही लिहिलेलं नाही.

मंडळाच्या वसंतोत्सवाचं पहिलं काम बॅनरचं. त्यावर ट्यूलिप हवेत. ट्यूलिपच्या कांद्याला फुलण्याआधी कित्येक आठवडे कडक थंडी लागते आणि ती आपल्याकडे मिळते फक्त फ्रीजमध्ये, हे खरं. पण छपाईवाल्याकडे वसंताचं तयार डिझाइन म्हणून तेच असतं. कोणी म्हणेल, ताम्हण टाका, राज्यपुष्प आहे. टाकू नये. मग कार्यक्रमात कोणीतरी विचारतं, ‘हे कुठलं फूल?’ आणि ते अध्यक्षांनाही ओळखता येत नाही ही गोष्ट चारचौघांत उघडी पडते. (मला विचाराल तर पांगारा टाकावा, मार्चमध्ये त्याच्याइतकं लालभडक दुसरं काही नसतं. पण मला विचारलेलं नाही.)

बॅनर झाला की बी. भेंडी, गवार, काकडी, दुधी, दोडका ही उन्हाळी भाजी फेब्रुवारीत लावली की एप्रिलमध्ये ताटात येते. मंडळाचं बियाणं वाटप एप्रिलच्या पहिल्या रविवारी असतं, कारण प्रमुख पाहुण्यांना तीच तारीख सोयीची होती. तुम्ही पाकीट दोन्ही हातांनी घ्या, पाहुण्यांकडे नव्हे, कॅमेऱ्याकडे बघा, आणि घरी जाऊन ते फ्रीजच्या दारात मागच्या वर्षीच्या पाकिटांशेजारी ठेवा. भेंडीचं बी रात्रभर भिजवून लावलं तर लवकर उगवतं, असं कोणी सांगू लागलं तर मान डोलवा. भिजवू मात्र नका, भिजवलं की लावावं लागतं.

आता जीवामृताकडे, म्हणजे शेणा-गोमूत्राच्या द्रवखताकडे वळू. मंडळातली खरी प्रतिष्ठा इथे मिळते. सुभाष पाळेकरांच्या नैसर्गिक शेतीतली कृती सर्वांना तोंडपाठ असते: दोनशे लिटर पाणी, दहा किलो देशी गाईचं शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. पिंपात कालवायचं, सावलीत ठेवायचं, गोणपाटाने झाकायचं, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं, अठ्ठेचाळीस तासांनी तयार. हे प्रमाण एका एकराचं आहे. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. तुमची बाल्कनी चाळीस चौरस फूट. त्रैराशिक मांडलं तर तुमच्या वाट्याला पेलाभर जीवामृत येतं. पण त्रैराशिक मांडणारा माणूस बागप्रेमी मंडळात फार काळ टिकत नाही. तुम्ही पिंपच आणा. निळं आणा, ते फोटोत उठून दिसतं.

गाय हा पुढचा प्रश्न. ती देशीच हवी, हा मुद्दा बैठकीत तास-दीड तास चालेल. गीर चालेल का, खिल्लार जास्त चांगली का, गोठेवाला सांगतो ती खरंच देशी आहे हे कशावरून, या प्रत्येक गोष्टीवर तुमचं ठाम मत असू द्या. तुम्ही शेवटची गाय सिग्नलला पाहिली असली तरी हरकत नाही. बेसन सुटं घ्यावं की पाकिटातलं, यावर दोन तट पडतील. पाकिटातल्यात भेसळ असते म्हणणाऱ्यांच्या बाजूला बसा, तिकडे चहा आधी येतो. पिंप गच्चीवर चढवायला माळीकाकांना बोलवा. ते खालूनच विचारतील, ‘साहेब, एवढं घालणार कुठं?’ अशा प्रश्नांनी उत्साह खचतो, म्हणून त्यांना दुसऱ्या पिंपाकडे पाठवा.

ढवळण्याचा तक्ता पहिल्या दिवशी भरगच्च भरतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काठी कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नसतं. तिसऱ्या दिवशी वास वरच्या मजल्यावरून लिफ्टने खाली उतरतो आणि सोसायटीच्या सेक्रेटरींचा पहिला मेसेज येतो. तयार जीवामृत आठवडाभरात वापरून टाकायचं असतं. दोनशे लिटरला अकरा कुंड्या पुरत नाहीत हे तेव्हा ध्यानात येतं. अशा वेळी न सांगता शेजाऱ्यांच्या तुळशीला घालावं. पुण्य लागतं आणि पुरावाही राहत नाही.

छाटणीचं प्रात्यक्षिक मार्चअखेरीस. मोगऱ्याचं पाणी हिवाळ्यात तोडावं, जानेवारीच्या सुमारास छाटावं, शेणखत घालून पाणी सुरू करावं, म्हणजे उन्हं तापली की कळ्यांनी लगडतो. ही जुनी रीत आहे. पण जानेवारीत मंडळ पुष्पप्रदर्शनाच्या गडबडीत असतं आणि नवा सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, तीही तेव्हा आलेली नसते. तेव्हा कळ्या धरलेला मोगराच छाटायला घ्या. पानापानाआड टपोऱ्या कळ्या असतील, हात कचरू देऊ नका. ‘झाडावर प्रेम असेल तर कठोर व्हावं लागतं,’ हे वाक्य वक्त्याने म्हटलं की टाळी द्या. खाली पडलेल्या कळ्यांचे गजरे होतात, सगळ्या भगिनींना एकेक मिळतो, आणि वसंतोत्सव सुगंधी झाला असं अहवालात लिहिता येतं. त्या झाडाला पुढे फूल का आलं नाही, याचं कारण यंदाच्या हवामानात शोधावं.

परागीभवनाची कार्यशाळा मात्र चुकवू नका. गच्चीवरच्या दुधीला कीटक फिरकत नाहीत, म्हणून नर फुलातला पराग मादी फुलावर हाताने टेकवायचा असतो. मादी फूल ओळखायला सोपं, देठाशी बोटाएवढा दुधी आधीच दिसतो. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात. कार्यशाळा सकाळी अकराला ठेवा. अकराला फुलं मिटलेली असतात, पण साबुदाणा वडा गरम असतो. वक्ते मिटल्या फुलाच्या पाकळ्या बोटाने सोडवून दाखवतील, पन्नास जण मोबाइल उंचावतील. माळीकाका जिन्यापाशी उभे राहून म्हणतील, ‘दिवेलागणीला या ना, मी दाखवतो.’ त्यांना माइकची वायर धरायला सांगा.

दुपारच्या सत्रात मधमाश्यांवर व्याख्यान. देशातली केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था १९६२ पासून पुण्यातच आहे, गणेशखिंड रस्त्यावर, हा उल्लेख वक्त्यांच्या आधी तुम्ही केलात तर पुढच्या वर्षी कार्यकारिणीत घेतात. माशी नसेल तर काकडी नाही, भोपळा नाही, कलिंगड नाही, हे ऐकताना डोळे पाणावू द्या. त्याच दिवशी चार वाजता बी विंगच्या सातव्या मजल्यावरचं आग्यामोहोळ काढायला पेस्ट कंट्रोलवाले येणार आहेत, तेव्हा व्याख्यान पावणेचारला आटपा आणि खिडक्या लावून घ्या. धुराचा वास कपड्यांना लागतो. ठरावाला अनुमोदन कोणी दिलं होतं ते विचारू नका, ते पहिल्या रांगेत बसलेले असतात.

नर्सरीची सहल सोलापूर रस्त्याने, उरुळी कांचनच्या बाजूला. तिथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना रोपवाटिका आहेत आणि माल खरोखर चांगला असतो, म्हणून जरा सांभाळून. कळ्यांवरचं तब्येतीचं रोप घेऊ नका. तुडुंब फुललेलंच घ्या, घरी पोचेपर्यंत पाकळ्या बसमध्ये पडतात आणि प्रवास काव्यमय होतो. कलमी गुलाब घेतलात तर डोळा भरलेल्या, म्हणजे कलम जोडलेल्या जागेच्या खालून खुंटाचे जंगली फुटवे निघतील. जाणकार ते दिसताच मोडून टाकतात. तुम्ही वाढवा. ते सरळ, उंच, जोमदार वाढतात, चार महिन्यांत कलमाला खाऊन टाकतात, फूल म्हणून येत नाही, आणि ‘माझा गुलाब पडद्याच्या दांडीला टेकला’ असं सांगता येतं. दोन वर्षांपूर्वी उत्कृष्ट गुलाबाचं बक्षीस अशाच एका रानटी फुटव्याला मिळालं होतं. परीक्षक लांबून आले होते.

चोरून आणलेली फांदीच जगते, हे शास्त्र तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहेच. मनी प्लांटला तर दुसरं कुठलं शास्त्रच नाही. सहलीला जाताना छत्री, ओलं वर्तमानपत्र आणि मोठी पर्स जवळ ठेवा. मंडळातल्याच सभासदाच्या घरी गेलात तर फांदी मागून घेऊ नका. मागितली की त्या म्हणतात, ‘पावसाळ्यात देते हं.’ तो पावसाळा अजून यायचाय.

पालापाचोळ्याबद्दल थोडं. या दिवसांत आवारातला पिंपळ आणि वड पानं ढाळतात. ती गोळा करून काळ्या पिशव्यांत भरून कचरागाडीला द्या. जाळू नका, घनकचरा नियमांनी बंदी आहे आणि आपण कायदा पाळणारी माणसं. मग त्याच संध्याकाळी पानांचं खत ऑनलाइन मागवा. सोसायटीत गांडूळखताचा खड्डा आहे, महापालिका त्यापोटी मिळकतकरात सवलतही देते, पण त्यात सध्या कोणाच्या तरी नातवाची सायकल आहे. तपासणीच्या आदल्या दिवशी गांडुळं आणता येतात.

पाण्याचं काय? खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांचं पाणी मिळून २९ टीएमसी भरतं आणि तरी उन्हाळ्यात गुरुवारी नळ कोरडा असतो. मंडळाने यावर ‘थेंब थेंब वाचवा’ ही पोस्टर स्पर्धा घेतली आहे. आरओचं वाया जाणारं पाणी कुंड्यांना घाला. क्षार साठून मातीवर पांढरा थर येतो, त्याला बुरशी समजून दालचिनीची पूड टाका. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला तर ग्रुपवर फोटो टाका. हिंग, ताक, तंबाखू, शाम्पू, कांद्याचं पाणी आणि एका आजोबांकडून होमिओपॅथीची गोळी, असे उपाय येतील. लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि साबणाचा थेंब घालून संध्याकाळी फवारा, हे कोणीतरी पहिल्यांदाच सांगून गेलेलं असतं. पण त्या मेसेजखाली लगेच शुभ सकाळचं गुलाबाचं चित्र आल्यामुळे तो वर जातो आणि ढेकूण देठात मुक्काम करतो.

उत्कृष्ट बाल्कनी स्पर्धेला उतरायचं असेल तर आदल्या संध्याकाळी नर्सरीत जा. कुंड्यांवरची किमतीची चिठ्ठी काढायला विसरू नका, परीक्षक वाकून बघतात. ‘किती वर्षं सांभाळताय?’ या प्रश्नाला ‘मोजलंच नाही हो’ हे उत्तर चांगलं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला परीक्षकांना आंब्याची डाळ आणि पन्हं दिलंत तर गुण वाढतात असं नाही, पण कमीही होत नाहीत.

मग मे लागतो आणि मंडळ अमेरिकेला जातं. कोणी न्यू जर्सीला मुलीकडे, कोणी सॅन होजेला नातवंडांकडे, ऑगस्टपर्यंत. मार्च-एप्रिलमध्ये जे काही लावलं, बदललं, छाटलं, ते ऐन चाळिशीच्या उन्हात बाल्कनीत एकटं उभं असतं. कुंड्यांवर पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी बांधायची ही वेळ. तुम्ही मात्र बॅगांचं वजन करत असता. किल्ली शेजारच्या वहिनींकडे द्या आणि सोबत सूचनांचा कागद द्या: कोणत्या कुंडीला किती झारी, कोणत्या झाडाशी गोड बोलायचं, कोणतं मेलं तरी कळवायचं नाही.

आणि तुमच्या बाल्कनीच्या कोपऱ्यातल्या त्या एका मोगऱ्याचंही लिहा, ज्याची छाटणी माळीकाकांनी जानेवारीत कोणालाही न विचारता उरकून टाकली होती आणि जो आता रोज सकाळी ओंजळभर फुलतोय. वहिनींना सांगा, फुलं तुम्हीच घ्या, देवाला वाहा, केसांत माळा, माझी काही हरकत नाही. फक्त तोडण्याआधी रोज एक फोटो पाठवत जा. आणि कुंडीवरचं माझं नाव दिसेल असा काढा, मे महिन्याची स्पर्धा ऑनलाइन आहे.