हेकिंजर कशाने बुडालं? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण लेख नीट वाचून लिहिलीय, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हेकिंजर ही अमेरिकेतली घरदुरुस्तीच्या सामानाची दुकानसाखळी होम डेपो या तिथल्याच बड्या साखळीच्या स्वस्ताईपुढे बुडाली, विषय संपला, मी उगाच कर्जाचं पुराण लावलं आणि त्याआडून आपल्या जळगावातल्या हार्डवेअरवाल्यांची तळी उचलली.

होम डेपोचा मार जबर होता, त्यात वादच नाही. १९११ साली वॉशिंग्टनमध्ये सुरू झालेला हेकिंजरचा धंदा ठेकेदाराऐवजी थेट घरमालकाला सामान विकून वाढला. नव्वदच्या दशकात होम डेपो गोदामाएवढाली दुकानं घेऊन त्यांच्या दारात उतरलं आणि यांना धाप लागली. पण जीव गेला तो नंतर. १९९७ मध्ये लिओनार्ड ग्रीन या गुंतवणूक कंपनीने ५० कोटी डॉलरच्या आसपास मोजून साखळी घेतली. पैसा मुख्यतः कर्जाचा, आणि बोजा चढला हेकिंजरच्याच मालमत्तेवर. वर केमार्ट या बड्या दुकानकंपनीची रडतखडत चालणारी बिल्डर्स स्क्वेअर ही साखळीही गळ्यात बांधली. जून १९९९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज, आणि त्याच वर्षी सगळी दुकानं मोडीत.

कर्जाने दुकान कसं मरतं, ते तुमच्या हिशेबात येत नाही. पुरवठादार बिचकतात. लाकूड पुरवणाऱ्या एका कंपनीने हेकिंजरची उधारीची मुदत आखडून आठवड्यावर आणली, हे पुढे कोर्टाच्या निकालातही आलंय. याचा अर्थ काय, ते आपल्याकडच्या कुठल्याही काउंटरवर कळेल. गिऱ्हाईक मिस्तरीची चिठ्ठी घेऊन येतं: एक इंची पाइप, चार एल्बो, दोन टी, एक रिड्यूसर, सोल्युशनचा डबा. सगळं आहे, रिड्यूसर मात्र "नही शे". गिऱ्हाईक अख्खी चिठ्ठी उचलून पुढच्या दुकानात जातं, कारण घरी मिस्तरी हजेरीवर बसलेला असतो. रिड्यूसर का नाही? तर होलसेलवाला म्हणतो, आधीचं बिल दे, मग माल. इकडे दुकानदाराचे पैसे शेतकऱ्याकडे कापूस विकेपर्यंत अडकलेले. मग तो उरलेला माल पुढे सरकवून फळी भरल्यासारखी दाखवतो. गिऱ्हाइकाला ते दुसऱ्या खेपेलाच कळतं. अशा दुकानात भाव कमी केला तरी काय उपयोग, विकायला वस्तूच नाही!

राहिली तळी उचलण्याची गोष्ट. कच्च्या पावत्या, बिलात मुरवलेलं मिस्तरीचं कमिशन, माल परत घेताना कपाळावर आठ्या, हे तुम्ही लिहिलंय त्यातलं काहीच मी नाकारत नाही. पण मोठी साखळी आली की हे सुधारेल, हा तुमचा भरवसा मला पटत नाही. होम डेपोच २००६ मध्ये चीनमधली १२ दुकानं विकत घेऊन तिथे गेलं आणि २०१२ मध्ये उरलेली सात मोठी दुकानं बंद करून बसलं. तिथेही लोक स्वतः ड्रिल धरत नाहीत, माणूस लावून काम करून घेतात. अमळनेरात तरी रविवारी कोण स्वतःच्या बाथरूमची फरशी बसवतो? सामान कुठून आणायचं हे जिथे मिस्तरी ठरवतो, तिथे त्या साखळीलाही मिस्तरीची सोय बघावीच लागेल, आणि ती शेवटी तुमच्याच बिलात येईल.