टायपिनसुद्धा

परवा आमच्याकडे एका फाउंडेशनचं उद्घाटन झालं. नाव नाही सांगत, इथलेच लोक ही पोस्ट वाचतात. कारखानदार माणूस, शून्यातून वर आलेला, त्याबद्दल आदरच आहे. शाल, श्रीफळ, समोसे, सव्वा तास भाषणं आणि शेवटी एसटी स्टँडवर थंड पाण्याच्या कूलरचं लोकार्पण. कूलरवरची पाटी एवढी मोठी की नळ वाकून शोधावा लागतो. गंमत म्हणजे शेजारीच जुना कूलर उभा आहे, तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दात्यानं दिलेला. त्याचा फिल्टर कोणी बदललाच नाही, आता त्यात गुटख्याच्या पुड्या टाकतात. दोन्ही दात्यांचे फोटो मात्र समोरासमोर.

घरी आलो आणि उगाच दोराबजी टाटा आठवले. उगाच म्हणजे तसं उगाच नाही. आईला घेऊन सात महिने परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या वाऱ्या केल्यात, त्यामुळं टाटा म्हटलं की मला मीठ, चहा, नॅनो यातलं काही आठवत नाही, फाईल छातीशी धरून बसलेली माणसं आठवतात. कोणी आसामचं, कोणी बिहारचं, कोणी आपल्या जत-आटपाडीकडचं, सगळ्यांच्या हातात तीच एक्स-रेची मोठी पिवळी पाकिटं. आम्ही उतरायचो दादरला गाडगेबाबांच्या मिशनच्या धर्मशाळेत. म्हणजे बघा, दिवसा मुंबईतल्या अतिश्रीमंत घराण्याच्या पैशातून उभ्या राहिलेल्या दवाखान्यात आणि रात्री ज्याच्याकडं मडकं आणि खराटा सोडून काही नव्हतं त्या माणसाच्या नावाच्या छपराखाली. हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं, तेव्हा डोक्यात फक्त प्लेटलेट काउंट असायचा.

तर दोराबजी. जमशेटजींचा थोरला मुलगा. बायको मेहेरबाई, साडी नेसून टेनिसच्या स्पर्धा खेळणारी बाई. तिच्यासाठी यांनी ज्युबिली नावाचा हिरा घेतला होता, 245 कॅरेटचा, कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. 1924 च्या सुमाराला जमशेदपूरचा पोलादाचा कारखाना पार गाळात गेला, कामगारांच्या पगाराला पैसे नाहीत, तेव्हा दोराबजींनी स्वतःची मालमत्ता आणि बायकोचे दागिने, त्या हिऱ्यासकट, इम्पीरियल बँकेकडं तारण ठेवले. आपल्याकडं बी-बियाणाला बायकोची बोरमाळ सोसायटीत किंवा सावकाराकडं जाते तसंच हे, आकडा मोठा एवढंच. कारखाना वाचला, हिरा घरी परत आला.

पण 18 जून 1931 ला मेहेरबाई गेल्या, ल्युकेमियानं, वेल्समधल्या एका नर्सिंग होममध्ये. वय पन्नाशीच्या थोडं पुढं. ज्या माणसाकडं एवढा हिरा होता त्याला त्या काळात रक्ताच्या कॅन्सरवर द्यायला औषधच नव्हतं. हे मी लांबून नाही लिहीत.

त्यानंतर वर्षभरात या माणसानं जे केलं ते बघा. 11 मार्च 1932 ला सर दोराबजी टाटा ट्रस्टचं डीड, म्हणजे ट्रस्ट स्थापन करणारा कायदेशीर कागद, केलं. टाटा सन्सचे शेअर, ताजवाल्या इंडियन हॉटेल्सचे शेअर, जमीनजुमला, बायकोचे दागिने, तो ज्युबिली हिरा, आणि हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिथंच थांबलो, स्वतःची मोती जडवलेली टायपिनसुद्धा. सगळं मिळून तेव्हाचे एक कोटी रुपये धरतात. एप्रिलमध्ये युरोपला निघाले, बायकोच्या कबरीकडं जायचं होतं, पण वाटेतच 3 जूनला जर्मनीत बाड किसिंगेनला गेले. लंडनजवळ ब्रुकवूडला तिच्याशेजारीच पुरलंय त्यांना. डीडपासून मरणापर्यंत तीन महिनेसुद्धा नाहीत. म्हणजे स्वतः उद्घाटन केलेली, फीत कापलेली, पाटीखाली उभं राहून फोटो काढलेली एकही वास्तू या ट्रस्टच्या खात्यावर नाही.

यावर नेहमीचा डायलॉग येतो, अहो त्यांना मूलबाळ नव्हतं, देणार कुणाला. आमच्या आईनं पण दवाखान्यात हेच विचारलेलं, पोरंबाळं होती का रे या टाटाला, नव्हती म्हटल्यावर म्हणाली, मग बरोबर. पण बरोबर कसं? मूलबाळ नसलेल्या चुलत्याची जमीन आपल्याकडं कुठं जाते माहिताय ना सगळ्यांना? भावकीत. आणि मग वीस वर्षं कोर्टात. मूलबाळ नसलेल्यांना पुतणे आणि भाचे कधी कमी पडत नाहीत.

भाच्यावरून आठवलं, होमी भाभा हे मेहेरबाईंच्या भावाचा मुलगा. 1944 मध्ये त्यांनी याच ट्रस्टला पत्र लिहिलं की मूलभूत संशोधनाची संस्था काढायला मदत करा, आणि 1945 ला टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) सुरू झाली. आत्याच्या नवऱ्याच्या ट्रस्टमधून भाच्याला पैसे, एरवी आपण याला घराणेशाही म्हणून शिव्या घातल्या असत्या, पण भाच्यानं त्यातून बंगला नाही बांधला, देशाचं अणुविज्ञान उभं केलं. त्याआधी 1936 मध्ये ट्रस्टनं नागपाड्याला समाजकार्य शिकवणारी शाळा काढली, तीच आजची टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस). आणि 28 फेब्रुवारी 1941 ला टाटा मेमोरियल, तेच परळचं हॉस्पिटल.

मुद्दा माझा असा आहे की त्यांनी दूध नाही दिलं, म्हैसच दावणीला बांधून दिली. कूलर देणं म्हणजे एक तांब्या दूध. दोराबजींनी कंपनीची मालकीच ट्रस्टला दिली, त्यांचे भाऊ रतनजी (2024 मध्ये गेलेले रतन टाटा नव्हे, हे सर रतन, 1918 ला गेले) यांचा वाटाही त्यांच्या मागं असाच ट्रस्टमध्ये गेला, आणि आज सगळे टाटा ट्रस्ट मिळून टाटा सन्सचे साधारण 66 टक्के मालक आहेत. कंपनीनं कमावलं की डिव्हिडंड ट्रस्टमध्ये. फिल्टर बदलायला कुणाच्या पाया पडायला नको. आणि दुसरं, डीडमध्ये हेतू मोकळे ठेवले, शिक्षण, संशोधन, संकटात मदत, जात-धर्म-देश न बघता. बायको कॅन्सरनं गेली म्हणून सगळे पैसे कॅन्सरलाच असं नाही केलं, ल्युकेमियाच्या संशोधनासाठी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट वेगळा काढला, तो परदेशातल्या संशोधकांनाही पैसे देतो. बाकीचं पुढच्यांवर सोडलं. मला वाटतं सगळ्यात अवघड हेच आहे, देऊन झाल्यावर हात काढून घेणं. आमच्याकडचे दाते शाळेला बाक देतात आणि त्यावर कुणी बसावं हेही तेच ठरवतात.

आता कमेंटमध्ये कोणीतरी मुळशी आणणार, म्हणून मीच आणतो. आणायलाच पाहिजे. याच दोराबजींच्या काळात टाटांच्या वीज कंपनीनं मुळशीला धरण बांधायला घेतलं, मावळातली पन्नासच्या आसपास गावं त्यात जाणार होती, 1921 च्या रामनवमीला शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला, पांडुरंग महादेव बापट सेनापती झाले ते तिथंच. जेलमध्ये गेले, लोक हरले, धरण झालं. वीज मुंबईला आली, भातखाचरं पाण्याखाली गेली. तेव्हा टायपिनचं कौतुक करताना हेही ठेवा शेजारी. 1941 च्या दवाखान्यानं मुळशीची खाचरं परत नाही येत आणि मुळशीमुळं दवाखान्यात बरी झालेली माणसं खोटी नाही ठरत. यातलं एक दुसऱ्यातून वजा करायला मला जमत नाही. ज्यांना जमतं त्यांनी करावं.

आणि ट्रस्ट म्हणजे देव्हारा नाही हेही खरं, 2025 मध्ये ट्रस्टींमधल्या वादाच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. माणसं आहेत, भांडणारच.

सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चाचं, पण बोलून घेतो. 2014 पासून कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या 2 टक्के खर्च करावा लागतो. चांगलंय, होऊ दे. फक्त त्याला दानत म्हणू नका राव, तो टॅक्ससारखाच एक कॉलम आहे आणि 31 मार्च जवळ आला की कॉलम भरायची घाई असते, म्हणून मार्चमध्येच एवढे कूलर उगवतात.

आई आता बरी आहे, सहा महिन्यांनी फॉलोअप असतो. मागच्या वेळी गेटवर हात जोडत होती, मी म्हटलं कुणाला, तर म्हणे सगळ्यांना, तू चल गाडी चुकंल.

स्टँडवरच्या जुन्या कूलरचा फिल्टर मी आणि पानटपरीवाला रविवारी बदलतोय. वर्गणी निम्मी जमलीय. यायचं असेल त्यांनी पाना आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन या, पाटी मात्र काढायची नाही असं ठरलंय, नाहीतर परत मीटिंग लागेल.